अंतरपाटाचं दुसरं टोक

दामू,

कावळा शिवला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. माहुलीच्या घाटावर आम्ही सगळे ऊन डोक्यावर येईपर्यंत बसलो होतो. पिंड मांडला होता, समोरच्या भिंतीवर कावळ्यांची रांग बसली होती, आणि त्यातल्या एकालाही तुझ्या भाताकडे फिरकावंसं वाटेना. तुझे मेहुणे फलटणहून आले होते. ते पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "दामोदरपंत, रमेची काळजी करू नका. तिला मी माझ्याकडे नेतो." कावळे बघत राहिले. तुझ्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, तुमची चित्रं आम्ही वर्गावर्गांत लावू." कावळ्यांना चित्रांची गोडी नसावी. मग आपला बळवंता उठला. तुझ्या नाटकातला रुसका मामा. तो सांगलीहून रात्रभर प्रवास करून आला होता, तरी आवाज अगदी स्टेजवरचा लावला. "दामू, तुझं नाटक आम्ही पुन्हा लावतो." एक कावळा उडाला. सगळ्यांनी श्वास धरला. कावळा नदी ओलांडून पलीकडे गेला तो गेलाच.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. भटजी म्हणाले, "गजाननराव, तुमचं काही राहिलंय का त्यांच्याशी?" आता माझं तुझ्याशी काय राहिलंय हे मी त्या घाटावर कसं सांगणार? मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, बरं बाबा, तुझंच खरं. नाटक पुन्हा लावत नाही. झालं समाधान? डोळे उघडून पाहतो तर कावळे होते तिथेच. म्हणजे लावतो म्हटलं तरी नाही आणि लावत नाही म्हटलं तरी नाही. जन्मभर तू असाच वागलास. मेल्यावर तरी काही फरक पडेल असं मला उगीच वाटलं होतं.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला लावला. विधी आटोपला. तेवढ्यात बळवंता रुसला. "मी बोललो तेव्हा उडाला होता तो," म्हणाला, "जरा दम धरायला हवा होता. पण इथे माझं कोण ऐकतंय?" दामू, अगदी तुझ्या नाटकातलं वाक्य रे. सगळे जमलेत, सगळे वाट बघतायत, ज्याच्यासाठी जमले त्याचा पत्ता नाही, आणि मामा रुसलाय. मला हसू फुटलं. मी उपरण्यात तोंड खुपसलं. शेजारच्या माणसाला वाटलं मला हुंदका आला. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हाताखाली मला खरंच हुंदका आला.

पहिल्यांदा तू ते नाटक वाचून दाखवलंस ते आठवतं तुला? सांगलीत, आपल्या तालमीच्या खोलीत. 'संगीत सगळे आले'. तू वाचत होतास आणि मी वाट बघत होतो की नवरा-नवरी कधी येतात. पहिला अंक संपला, दुसरा संपत आला. लग्नाचा मांडव, भटजी, वऱ्हाड, आचारी, वाजंत्री, सगळं जागच्या जागी. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन माणसं अंतरपाट धरून उभी. आणि अंतरपाटाच्या अलीकडेही कोणी नाही, पलीकडेही कोणी नाही. मंगलाष्टकं संपत आली की कोणीतरी काहीतरी काढतं. मामाला उपरणं मिळालेलं नसतं. आचारी लाडवांत बेदाणे नाहीत म्हणून मारव्यात पद म्हणतो. मग मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून, नव्या चालीत. नवरदेव कुठे आहे, हे तेवढं कोणी विचारत नाही. शेवटी वऱ्हाड जेवून आपापल्या घरी जातं आणि ती दोन माणसं तशीच उभी राहतात. एक विचारतो, "सोडायचा का रे?" दुसरा म्हणतो, "अजून कोणी सांगितलं नाही." पडदा.

मी म्हणालो, "दामू, हे लग्न कोणाचं?"

तू म्हणालास, "बघ, तू विचारलंस. नाटकात कोणी विचारत नाही. लोकांची हसून हसून मुरकुंडी वळेल."

आणि वर मला म्हणालास, अंतरपाट तू आणि मी धरायचा. माझा संताप झाला होता ते तुला ठाऊक आहे. मी गाणारा नट. मिसरूड फुटेपर्यंत नऊवारी नेसून सुभद्रा झालो, रुक्मिणी झालो, आणि मिसरूड फुटल्यावरही रोज दोनदा दाढी करून झालो. मग बायका स्टेजवर आल्या, बोलपट आले, आणि माझे शालू ट्रंकेत गेले. मला कोणी विचारीना. पुरुषाची भूमिका द्यावी तर चालणं बाईचं, हात बाईचे. अशा माणसाला तू अखेर धोतर नेसवून स्टेजवर उभं केलंस, आणि एकही पद दिलं नाहीस. "तुझं पद शेवटी आहे," म्हणालास. "अजून सुचलं नाही." पुढे किती वेळा विचारलं. हेच उत्तर. तुझ्यावर माझा राग होता, आहे, आणि त्याच दमात सांगतो की त्या नाटकामुळे मी पुरुषासारखं उभं राहायला शिकलो. दोन्ही पाय रोवून, काही न करता. हे तुला कधी सांगितलं नाही. अशा गोष्टी आपण एकमेकांना सांगत नसू.

अक्षतांची कल्पनाही तुझीच. दारात तिकीट घेतलं की प्रेक्षकाच्या हातात अक्षतांची पुडी द्यायची. तांदूळ रेशनवर, म्हणून वहिनींनी जोंधळे कुंकवात रंगवले. अंतरपाट म्हणजे तुझं एक जुनं धोतर, कडा शिवलेलं. त्याच्यावर कुंकवाचं स्वस्तिक दर खेळाआधी वहिनी स्वतः काढायच्या. पहिल्या खेळाला तू त्यांना म्हणालास, "रमे, वाकडं झालंय." त्या म्हणाल्या, "लग्न तरी कुठे सरळ आहे?" तू ते वाक्य लगेच नाटकात घातलंस.

सांगलीला रविवारी दुपारचा खेळ. थिएटर भरलेलं. सांगलीचा माणूस नाटकाला येतो तो मान डोलवायला, नाहीतर मान उडवायला. पहिली मंगलाष्टकं संपली, भटजी झालेल्या नटाने 'सावधान' म्हटलं आणि जे व्हायचं ते झालं. आपण दोघांनी काय काय विचार केला होता, पण हे डोक्यात आलं नाही. हातात अक्षता आहेत आणि कानावर 'सावधान' पडलं, तर मराठी माणसाचा हात थांबेल का? सगळ्या थिएटरने सगळ्या अक्षता एका दमात टाकल्या. जोंधळे माझ्या डोळ्यांत, तुझ्या बंडीत, पेटीवाल्याच्या भात्यात. आणि नाटकाला तर आत्ता कुठे सुरुवात झालेली. दुसऱ्यांदा 'सावधान' आलं तेव्हा लोक रिकामी पुडी झटकून बघायला लागले. तिसऱ्यांदा शेंगांची टरफलं आली.

मग 'वन्स मोर' सुरू झाले. चेष्टेने, मंगलाष्टकांनाच. बळवंताच्या रुसव्याच्या पदाला तर असे काही 'वन्स मोर' पडले की त्या बापड्याला ते खरेच वाटले. त्याने ते पद पुन्हा म्हटलं, नव्या ताना घेऊन, आणि परत एकदा म्हटलं, नमस्कार करून. पुढच्या रांगेतले एक वकील उठून उभे राहिले आणि चष्मा काढून विचारते झाले, "अहो, नवरदेव आहे कुठे?" तू अंतरपाटाचं टोक धरूनच, अगदी शांतपणे म्हणालास, "येईल की." थिएटर कोसळलं. शेवटाला मी विचारलं, "सोडायचा का रे?" तर तू तोंड उघडायच्या आत वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "अरे आम्ही सांगतो, सोडा."

मी त्यानंतर कितीतरी दिवस बाजाराला मागच्या बोळाने जात होतो. आणि तू? तू गुळाचा चहा पीत विंगेत बसला होतास आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतास. "गजा, त्यांनी विचारलं रे. नवरदेव कुठे आहे म्हणून विचारलं." तुला ती टरफलं हारासारखी वाटत होती. तुझा तो आनंद मला तेव्हा समजला नाही. आज तो चेहरा आठवला की वाटतं, माणसाने मरताना आपला असा एक चेहरा मागे ठेवून जावं.

म्हसवडचं बोलावणं आलं ते चुकूनच. सिद्धनाथाच्या रथाची जत्रा, देवाचं लग्न होऊन गेलेलं, तंबूच्या कंत्राटदाराला कोणीतरी सांगितलं की सांगलीत एक लग्नाचं नाटक आहे, प्रेक्षकांना अक्षता देतात. त्याला वाटलं, जत्रेला शोभेल. लढाई संपून वर्ष झालं होतं. पलटणी परत येत होत्या. माण तालुक्यात घरटी एक पोरगा लढाईवर गेलेला. आलेले पोरगे खाकी कोट घालून जत्रेत फिरत होते, आणि न आलेल्यांच्या आया त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. हे मला दिसत होतं. तुलाही दिसत असणार. पण आपलं डोकं गॅसबत्त्या आणि कनातींत.

तंबूत एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. पहिलं 'सावधान' झालं. मी डोळे बारीक करून तयार होतो. एक दाणा आला नाही.

मला वाटलं यांना कळलं नाही. दुसरं 'सावधान' झालं. पुरुषांच्या बाजूने दोन-चार मुठी सुटल्या आणि थांबल्या. लाडवांच्या पदाला हशा झाला, तोही निम्म्यात विरला. तू ओठ न हलवता मला विचारलंस, "गजा, काय झालंय यांना?" माझे हात भरून आले होते, आणि समोर बायकांच्या मुठी मिटलेल्या दिसत होत्या. पुढे पुढे गॅसबत्तीचा आवाज ऐकू यायला लागला. बळवंता रुसला तेव्हा कोणी हसलं नाही. एक बाई शेजारणीला एवढंच म्हणाली, "नवऱ्याचा मामा हाय व्हय? त्याला ठावं असंल."

शेवट आला. वऱ्हाड गेलं. आपण दोघं उरलो. मी विचारलं, "सोडायचा का रे?"

तुझ्या वाक्याआधी पुढून आवाज आला. "नगा सोडू."

म्हातारी होती. हिरवं लुगडं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. ती उठून स्टेजच्या कडेशी आली होती. "नगा सोडू रं बाबांनो. हात भरलं असत्याल, कळतंय मला. पर त्यो आल्याबिगर सोडू नगा."

मागून कोणीतरी म्हणालं, "ए आज्जे, नाटक हाय ते."

"नाटक हाय ते दिसतंय की मला. मी काय येडी हाय व्हय?" तिने मागे वळूनही पाहिलं नाही. ती तुझ्याशी बोलत होती. "माझा किसन बर्माला गेलाय. लगीन ठरवून गेला. सरकारचा कागद न्हाई, सांगावा न्हाई. पोरीकडचं म्हनत्यात, कवापतुर थांबायचं? मी म्हनते, थांबा. हितं ही दोन मानसं कुनासाठी उभी हायती, ठावं न्हाई, तरी उभी हायती न्हवं?" तिने पदराचं टोक पुढे केलं. गाठ मारलेली. "ह्या अक्षता मी घिऊन जाते. त्यो आला की ह्याच टाकीन."

पडदा ओढायला कोणी राहिलंच नाही. बायका एकेक करून उठल्या, पदराला गाठी मारत मारत बाहेर पडल्या. टाळी नाही, शिट्टी नाही. पोरं काखोटीला मारून गेल्या. आणि आपण दोघं रिकाम्या तंबूपुढे अंतरपाट धरून उभे. सकाळी कंत्राटदाराच्या माणसाने तंबू झाडला तेव्हा बायकांच्या बाजूला एक जोंधळा सापडला नाही.

भांडण परतीच्या मोटारीत झालं. कोळशाच्या गॅसवरची ती मोटार, चढ आला की धापा टाकायची आणि आपण उतरून ढकलायचो. उतरलो की भांडण थांबायचं, बसलो की पुन्हा सुरू. मी तर हवेत होतो. मी म्हणालो, "दामू, माझ्या जन्मात असं नाटक झालं नाही. गावोगाव लावू. फलटण, कराड, वाई." तू खिडकीबाहेर बघत होतास. तू मूळचा शिराळ्याकडचा. शाळेत, सभेत अगदी शुद्ध बोलायचास, पण आतून हललास की गावचं बोलणं वर यायचं.

"गजा, म्या हसायला लिवलं हुतं रं."

"मग रडले म्हणून काय बिघडलं?"

"रडल्या असत्या तर परवडलं असतं. ती बाई गाठ बांधून घरी गेली. आता ती त्या पोरीला थांबवनार. तिचा किसन कुठं तरी चिखलात पडला असंल. माझ्या एका फाटक्या धोतरापायी कुनाची तरी लेक जलमभर थांबंल. ते कुनाच्या डोक्यावर?"

मी म्हणालो, "ती तुझ्या आधीपासून थांबलीय. घरात एकटी थांबली होती. तू तिला चार बायकांत बसून थांबायला जागा दिलीस."

"आशा दिली. आनि ती माझ्यापाशी नव्हती. नव्हती ती वस्तू दिली मी." मग तू एकदम शुद्ध बोलायला लागलास, तेव्हाच मी ओळखलं की आता संपलं. "हे नाटक आता होणार नाही, गजानन."

मला तू गजानन म्हणालास. त्या दिवशी प्रथमच. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण हे आठवतं. मी म्हणालो, सांगलीने टरफलं मारली तेव्हा नाचलास आणि म्हसवडने तुझं नाटक पदरात बांधून घेतलं तर घाबरलास. तुला लोक नकोच आहेत. तू अंतरपाटाची घडी घातलीस, पिशवीत ठेवलीस. ते भांडण आजपर्यंत तसंच आहे, दामू. मी माझ्या बाजूने एक पाऊल मागे घेतलेलं नाही. तू मेलास म्हणून घेईन असंही नाही. घाटावर 'तुझंच खरं' म्हटलं ते कावळ्यापुरतं.

तू साताऱ्याला ड्रॉइंग मास्तर झालास. मी अधूनमधून यायचो. आपण हवेबद्दल बोलायचो, बोलपटांना शिव्या द्यायचो, तुझ्या खोकल्याबद्दल बोलायचो. म्हसवडचं नाव दोघंही काढत नव्हतो. शेवटच्या खेपेला तू भिंतीला टेकून बसला होतास, खिडकीतून किल्ल्याची कड दिसत होती. वहिनी आत काढा उकळत होत्या. तू म्हणालास, "किसन आला असेल का रे?"

मी म्हणालो, "मला कसं कळणार?"

"जाऊन बघावं म्हणतो म्हसवडला. पण धीर होत नाही." आणि मग, "आला असला तर बरं होईल."

आला, असं म्हणायला किती वेळ लागला असता? जिभेवर होतं माझ्या. पण तू लगेच विचारलं असतंस, कोणी सांगितलं, कधी आला, लग्न झालं का. आणि मला खोटं बोलता येत नाही हे तुला वहिनींपेक्षा जास्त माहीत. म्हणून मी गप्प बसलो. आपल्या दोघांमधलं शेवटचं बोलणं ते. तू डोळे मिटलेस, मी मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो. दारातून वळून पाहिलं. तू हात वर केला होतास, निरोपाला की खांदा मोकळा करायला, देव जाणे.

आता घाटावरून घरी गेल्यानंतरचं सांगतो. ते तुला कळायला हवं.

वहिनी आतल्या खोलीत बसल्या होत्या. आळीतल्या बायका भोवती. सकाळी त्या बायकांनी जे करायचं ते केलं होतं, कपाळ रिकामं होतं. मला बघवलं नाही. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "शिवला का?"

"नाही. दर्भाचा करावा लागला." आणि मग बळवंताचं सांगितलं, कारण दुसरं काही सुचेना. "मामा रुसले."

आणि दामू, वहिनी हसल्या. आधी ओठांत, मग पदर तोंडाला लावून, मग पदरही पुरेना. आळीतल्या बायका सटपटल्या. एक तर कांदा आणायला धावली, हिला फेफरं आलं असं समजून. हसता हसता त्यांचं रडणं कधी सुरू झालं ते कोणाला कळलं नाही. मलाही नाही. बऱ्याच वेळाने त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि अंतरपाट काढला. धुतलेला, घडी घातलेला. स्वस्तिकाचा फिकट डाग तेवढा राहिलेला.

"नाटक बंद केलं," त्या म्हणाल्या, "पण हे दर सणाला धुवून ठेवायला सांगायचे. कशाला ते नाही बोलले कधी."

हे मला माहीत नव्हतं. तू मला हे का सांगितलं नाहीस? मी उंबऱ्यावरच बसलो.

"बळवंतराव नाटक लावायचं म्हणतायत," त्या म्हणाल्या. "तुमचं काय?"

"मी तर लावायचं तेव्हापासून म्हणतोय. पण दुसरं टोक कोण धरणार? बळवंता धरील म्हटलं तर—"

"ते मध्येच रुसतील." त्यांनी घडी उलगडली. "मी धरीन."

दारात तुझे मेहुणे उभे होते, ते म्हणाले, "रमे, उद्या सकाळची फलटणची मोटार आहे." मी म्हणालो, "वहिनी, अंतरपाटाला? आत्ता? लोक काय म्हणतील?" विधवा बाई लग्नाच्या मांडवात समोरून आली तरी माणसं तोंड फिरवतात. इथे तिच्या हातात अंतरपाट, भर स्टेजवर, पडदा वर गेल्यापासून खाली येईपर्यंत. सांगलीला टरफलांवर भागणार नाही.

"लोक काय म्हणतील हे त्यांना तरी कुठे आधी कळलं होतं?" वहिनी म्हणाल्या. "सांगलीत कळलं नाही, म्हसवडला कळलं नाही. त्याच घोराने गेले ना ते? मला तो घोर नको. हसतील तर हसू देत, रडतील तर रडू देत, उठून जातील तर जाऊ देत. पण कोणी बाई पदराला गाठ मारून घरी निघाली, तर तिला समोर मी दिसेन. माझा आलेला नाही, येणार नाही, आणि तरी मी उभी आहे. बघू दे तिला. मग गाठ ठेवायची का सोडायची ते तिचं ती ठरवेल."

आपलं सगळं भांडण, दामू, त्या मोटारीतलं. मागच्या बाकावर डोळे मिटून बसलेली ती बाई सगळं ऐकत होती की काय?

त्यांनी एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही खोलीच्या मधोमध उभे राहिलो. तू खांदा दुखतो म्हणून टोक खाली सोडायचास. वहिनींनी ते माझ्यापेक्षा वर धरलं. बायका भिंतीला टेकून बघत होत्या, मेहुणे दारात, आणि मध्ये तुझं धोतर. मला वाटलं काहीतरी बोलायला हवं. मी विचारलं, "सोडायचा का?"

"अजून कोणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"शेवटी माझं एक पद होतं. त्याने लिहिलंच नाही."

"मग नुसतं उभं राहू." त्यांनी अंतरपाट पुन्हा घडी घालून माझ्याकडे दिला आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाल्या, "पहिल्या खेळाला येताना तेवढं कुंकू घेऊन या. माझा करंडा बायकांनी नेला."

दुसऱ्या दिवशी सकाळची फलटणची मोटार गेली. तुझे मेहुणे त्यातून एकटेच गेले.

आज मी सांगलीला परत आलो आणि पेठेत कुंकवाच्या दुकानी गेलो. दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणाला, "बरंच घेतलंत. घरात लग्न आहे वाटतं?"

"हो," म्हणालो.

"कोणाचं?"

दामू, माझ्या तोंडून आपोआप गेलं, "ते कोणी विचारत नाही." तो माझ्याकडे बघतच राहिला. तू असतास तर दुकानाच्या फळीवर हात आपटून हसला असतास. मी दुकानाची पायरी उतरलो, पुडी मुठीत धरून तिथेच बसलो, आणि भर पेठेत रडलो. आता सांग, आपल्या दोघांत कोणाचं खरं होतं?

तुझा,
गजा